रिव्हर्स घेताना दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, तर चूक कोणाची हे कसे ठरवावे

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या पार्किंग समितीवर मी नऊ वर्षे होतो आणि त्या काळात सर्वाधिक वेळा माझ्यापुढे आलेला वाद एकाच प्रकारचा होता. समोरासमोरच्या रांगांतून दोन गाड्या जवळजवळ एकाच वेळी मागे घेतल्या जातात, मधल्या वाटेत दोघींचे मागचे बंपर एकमेकांवर आदळतात, आणि दोन्ही चालक खाली उतरून "तुम्ही मागे बघितलं नाही का?" हाच प्रश्न एकमेकांना विचारू लागतात. दोघेही मनापासून बोलत असतात, कारण आपण आरशात पाहिले होते हे दोघांनाही खरेच आठवत असते.

अशा वादात कोणाच्या गाडीचे नुकसान जास्त झाले यावरून काहीही सिद्ध होत नाही. शोधायचा असतो तो घटनेचा क्रम: आधी कोण निघाले, कोण किती बाहेर आले होते, धडक बसली त्या क्षणी कोणती गाडी उभी होती आणि ती उभी राहून किती वेळ झाला होता. हा क्रम सांगणारा पुरावा पहिली दहा मिनिटे जागेवरच पडलेला असतो, आणि गाड्या बाजूला घेतल्या की त्यातला मोठा भाग कायमचा जातो. म्हणून पुढील पायऱ्या मी त्याच क्रमाने मांडत आहे ज्या क्रमाने त्या प्रत्यक्ष जागेवर कराव्या लागतात.

आधी हे गृहीत धरा: दोष निम्मा-निम्मा

गाडी मागे नेणाऱ्या चालकावर कायद्याने वाढीव जबाबदारी टाकलेली आहे. मोटार वाहने (चालन) विनियम, २०१७ यांचा आशय असा आहे की गाडी मागे घेतल्याने कोणाला धोका किंवा अडथळा होणार नाही याची खात्री चालकाने आधी करून घेतली पाहिजे. ही जबाबदारी दोन्ही चालकांवर सारखीच येते, त्यामुळे दोन्ही गाड्या चालत्या असताना धडक झाली आणि त्याहून अधिक काहीच समजू शकत नसेल, तर दोघांनी निम्मा-निम्मा दोष घ्यावा हेच न्याय्य आहे. "मी हळू होतो" किंवा "माझे वीस वर्षांत एकही चलान झालेले नाही" अशा विधानांनी हे प्रमाण हलत नाही. ते हलते फक्त क्रमाच्या पुराव्याने.

भारतीय न्यायालये अपघाताच्या दाव्यांत दोन गोष्टी वेगळ्या मानतात आणि हा भेद आपल्यालाही उपयोगी आहे. नुकसान झालेल्या माणसाचा स्वतःचा हलगर्जीपणा त्या नुकसानीला हातभार लावत असेल, तर त्याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात, आणि त्याची भरपाई त्याच्या वाट्याच्या प्रमाणात कमी होते. दोन वेगळ्या माणसांच्या हलगर्जीपणामुळे तिसऱ्याच निर्दोष माणसाचे नुकसान झाले, तर तो संयुक्त निष्काळजीपणा ठरतो, आणि त्या तिसऱ्याला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात हा फरक स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. दोन रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांचा आपसांतला वाद पहिल्या प्रकारात बसतो. धडकेच्या धक्क्याने त्यांतील एक गाडी शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवर गेली असेल, तर स्कूटरवाल्याचा दावा दुसऱ्या प्रकारात जातो, आणि त्याला "आधी तुमचे दोघांचे प्रमाण ठरू द्या" असे सांगून थांबवणे योग्य नाही.

सोसायटीचे किंवा मॉलचे पार्किंग खासगी असल्यामुळे मोटार कायदा तिथे लागूच होत नाही, असे पुष्कळ लोक ठामपणे सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ साली जुन्या मोटार कायद्यातील विमाविषयक तरतुदींचा अर्थ लावताना असे ठरवले की, जागा खासगी मालकीची असली तरी तिथे लोकांना प्रवेश असेल, मग तो मोकळा असो वा नियंत्रित, तर ती सार्वजनिक जागाच मानावी. त्यामुळे फाटकावर रखवालदार बसतो आणि नोंदवही ठेवतो एवढ्याने विम्याची जबाबदारी टळत नाही.

गाड्या हलवण्याआधी करायची कामे

कोणी जखमी असेल, विशेषतः गाडीमागून चालणारे लहान मूल किंवा वयस्कर व्यक्ती, तर या लेखातील बाकी सर्व बाजूला ठेवून आधी १०८ किंवा ११२ वर फोन करावा. फक्त पत्र्याचे आणि प्लास्टिकचे नुकसान असेल, तर दोन्ही गाड्या आहेत तिथेच बंद कराव्यात, हातब्रेक ओढावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांना नम्रपणे पाच मिनिटे मागून घ्यावीत. ही पाच मिनिटे पुढे अनेक महिन्यांचा मनस्ताप वाचवतात.

मग फोटो काढावेत, पण बहुतेक जण करतात ती चूक टाळावी. सगळे जण चेपलेल्या बंपरचे जवळून आठ फोटो काढतात, आणि ज्यातून क्रम समजेल असा एकही फोटो त्यात नसतो. पहिला फोटो दूरचा हवा, ज्यात दोन्ही गाड्या, दोन्ही पार्किंग जागांच्या पांढऱ्या किंवा पिवळ्या रेषा आणि जवळच्या खांबाचा क्रमांक एकत्र दिसतील. असाच फोटो उलट बाजूनेही घ्यावा. त्यानंतर दोन्ही गाड्यांची पुढची चाके कोणत्या कोनात वळलेली आहेत ते टिपावे, कारण चाके सरळ असलेली गाडी अजून सरळ मागे येत होती आणि चाके पूर्ण वळलेली गाडी बहुधा बाहेर पडून वळू लागली होती. मग बंपर एकमेकांना टेकलेले असतानाच तो सांधा जवळून घ्यावा, आणि खाली पडलेल्या काचेचे किंवा रंगाचे तुकडेही घ्यावेत. शेवटी प्रत्येक चालकाच्या आसनावर बसून मागे व बाजूला काय दिसत होते त्याचा एक फोटो काढावा; शेजारी उंच एसयूव्ही उभी होती की नाही, खांब आड येत होता की नाही, हे नंतर कोणालाही आठवत नाही, आणि शेजारची गाडी तर अर्ध्या तासात निघूनही जाते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे मोजमाप. प्रत्येक गाडीचा मागचा बंपर तिच्या स्वतःच्या जागेच्या रेषेपासून किती पुढे आला आहे, ते मोजावे. टेप नसेल तर पावलांनी मोजावे आणि जमिनीवर खडूने खूण करावी. याचे कारण साध्या हिशेबात आहे. दोन रांगांमधली वाट सहा मीटर रुंद आहे असे धरू. दोन्ही गाड्या एकाच क्षणी, एकाच वेगाने निघाल्या असतील, तर त्या प्रत्येकी सुमारे तीन मीटर बाहेर येऊन मध्यावर भेटतील. ताशी पाच किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर, म्हणजे निघाल्यापासून धडकेपर्यंत सगळे मिळून जेमतेम दोन सेकंद. धडक मध्यावर न होता एका गाडीच्या जागेपासून सव्वाचार मीटरवर आणि दुसरीच्या जागेपासून पावणेदोन मीटरवर झाली असेल, तर दोघींचा वेग सारखा धरल्यास पहिली गाडी पावणेदोन सेकंद तरी आधी निघालेली होती. दुसरी निघाली तेव्हा ती जवळजवळ अर्ध्या वाटेत आलेली होती आणि पाहणाऱ्याला दिसायलाच हवी होती.

हा अंदाज अर्थातच वेगावर अवलंबून आहे. पहिली गाडी आधी निघाली नसेल, फक्त जोरात आली असेल, अशीही शक्यता उरते, आणि समोरचा चालक तोच मुद्दा मांडेल. म्हणून मोजमापाला दुसऱ्या कोणत्या तरी पुराव्याची जोड हवी, आणि आजकाल ती बहुतेक वेळा डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून मिळते.

कॅमेऱ्याचे चित्रण कसे वाचावे

पार्किंगमधल्या कॅमेऱ्याचे चित्रण त्याच दिवशी जपून ठेवायला सांगावे, कारण साठवणूक भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते. सोसायटी असेल तर सचिवांना आणि मॉल असेल तर व्यवस्थापनाला लेखी अर्ज किंवा ईमेल करावा, त्यात तारीख, वेळ आणि खांबाचा क्रमांक द्यावा, आणि घटनेच्या आधीची व नंतरची पंधरा-पंधरा मिनिटे मागावीत. व्यवस्थापनाने थेट प्रत द्यायला नकार दिला, तर निदान "चित्रण पुसू नये" अशी विनंती नोंदवून पोच घ्यावी. आणखी एक बारीक गोष्ट: रेकॉर्डरचे घड्याळ बहुधा पुढे-मागे असते, म्हणून त्याच्या पडद्यावरची वेळ आणि आपल्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत टिपून ठेवावी, म्हणजे पुढे वेळेचा घोळ होत नाही. प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असेल, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागते, याची कल्पना व्यवस्थापनाला आधीच द्यावी.

चित्रण धूसर असले, नंबरप्लेट वाचता येत नसली, तरी दोन गोष्टी त्यात जवळजवळ नेहमी दिसतात: पांढरा दिवा आणि लाल दिवा. पांढरा दिवा रिव्हर्स गिअर टाकल्याचे सांगतो, गाडी हलल्याचे सांगत नाही. लाल दिवा ब्रेक दाबलेला आहे हे सांगतो. सपाट जागेवर दोन्ही दिवे एकत्र लागलेले असतील, तर चालक रिव्हर्समध्ये ब्रेक दाबून थांबलेला आहे किंवा थांबत आहे. लाल विझला आणि पांढरा तसाच राहिला, तर त्या क्षणापासून गाडी मागे सरकू लागली असे बहुतेक वेळा धरता येते. ऑटोमॅटिक गाडीत मात्र गिअरचा दांडा पार्कमधून ड्राइव्हकडे नेताना रिव्हर्सवरून जातो आणि पांढरा दिवा क्षणभर चमकतो, त्यामुळे एकट्या चमकेवरून निष्कर्ष काढू नये. चित्रण थांबवत थांबवत पाहावे आणि एका कागदावर दोन रकाने करून प्रत्येक गाडीचा पांढरा कधी लागला, लाल कधी विझला, पुन्हा लाल कधी लागला, हे सेकंदासह लिहावे. हा कागद तयार झाला की निम्मे भांडण आपोआप मिटते.

एका दिवाळी पाडव्याच्या सकाळी आमच्या तळघरात असाच प्रसंग घडला. एका बाजूने लाल हॅचबॅक घेऊन एक निवृत्त काका निघाले होते, समोरून राखाडी एसयूव्ही घेऊन एक तरुण. काकांचे म्हणणे, मी थांबलो होतो. तरुणाचे म्हणणे, दोघेही चालते होतो. काकांच्या गाडीचा बंपर पार आत गेलेला आणि एसयूव्हीला एक चरा, त्यामुळे जमलेल्या लोकांना वाटले की जोरात आले ते काकाच. मलाही प्रथम तसेच वाटले, आणि ते चुकीचे होते, कारण एसयूव्हीचा बंपर उंच आणि जाड होता आणि हॅचबॅकचे प्लास्टिक त्याखाली दबले होते. चित्रणात काकांच्या गाडीचा लाल दिवा धडकेच्या आधी सलग सहा सेकंद लागलेला दिसला. समोरच्या गाडीचा लाल दिवा विझला तो त्यानंतर चार सेकंदांनी, म्हणजे तो निघाला तेव्हा काका वाटेत स्पष्टपणे उभे होते.

मी काकांना एकच विचारले, "काका, तो येताना दिसत होता, तर हॉर्न का नाही दिलात?" ते म्हणाले, "अहो, मला वाटलं तो थांबेल." त्या तरुणाने पडद्यावर नजर ठेवली होती, पण त्याच्या मागच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखलाचा वाळलेला थर होता. त्याने स्वतःच बोट फिरवून पाहिले, बोट मातकट झाले, आणि मग त्याने पूर्ण खर्च मान्य केला.

मागचा कॅमेरा आणि सेन्सर यांवर किती विसंबावे, याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर बंधनकारक झाले, त्यामुळे "मला कळलेच नाही" हे कारण आता लंगडे पडते. पण सेन्सरची हाक साधारण दीड मीटरच्या आत लागते, आणि दोन गाड्या प्रत्येकी ताशी पाच किलोमीटरने एकमेकींकडे येत असतील तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला २.८ मीटरने घटते, म्हणजे पीप-पीप ऐकू आल्यापासून धडकेपर्यंत अर्धा सेकंद उरतो. माणसाला ब्रेक दाबायलाच एक ते दीड सेकंद लागतो. सेन्सर भिंतीसाठी चांगला आहे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी मान वळवूनच पाहावे लागते.

चरे आणि पोचे काय सांगतात, काय सांगत नाहीत

गॅरेजवाले आणि शेजारी चऱ्याकडे पाहून छातीठोक निर्णय देतात, पण चऱ्यातून फक्त दोन पृष्ठभाग एकमेकांच्या तुलनेत कोणत्या दिशेने सरकले एवढेच कळते. रंगाचा भुगा आणि प्लास्टिकची साल चऱ्याच्या ज्या टोकाला साचते त्या दिशेला घसट झाली, हे बरोबर आहे. पण उभ्या गाडीला चालती गाडी घासून गेली काय आणि उलट झाले काय, खुणा सारख्याच उमटू शकतात. उपयोगी पडतो तो चऱ्याचा कोन. एकच गाडी चालती असेल, तर उभ्या गाडीवरचा चरा चालत्या गाडीच्या मार्गाला समांतर असतो. दोन्ही चालत्या असतील, तर चरा दोघींपैकी कोणाच्याच मार्गाशी जुळत नाही, मधल्याच कुठल्या तरी दिशेचा येतो. म्हणून चाकांच्या कोनाचा फोटो आणि चऱ्याचा फोटो शेजारी ठेवून पाहावेत.

बंपर न आदळता एकीच्या मागच्या कोपऱ्याने दुसरीचे दार किंवा मागचे फेंडर चेपले असेल, तर अर्थ बराच स्पष्ट असतो: जिची बाजू चेपली ती गाडी वाटेत येऊन वळलेली होती, आणि जिचा कोपरा लागला ती नंतर आली.

नेहमी घडणारे प्रसंग आणि माझ्या मते त्यांचे प्रमाण

पुढील प्रमाणे कोणत्याही कायद्यात दिलेली नाहीत. तडजोड करताना मला जी न्याय्य वाटली आणि दोन्ही बाजूंनी बहुधा मान्य केली, ती मी देत आहे.

एक गाडी पूर्ण थांबलेली आणि तिला थांबून तीन सेकंदांहून अधिक झालेले असतील, तर चालत्या गाडीवर संपूर्ण दोष जावा. थांबलेल्याने हॉर्न दिला नाही म्हणून फार तर दहा टक्के त्याच्याकडे ठेवावेत. पण "मी थांबलो होतो" या वाक्यामागे कित्येकदा धडकेच्या अर्धा-एक सेकंद आधी घाबरून दाबलेला ब्रेक असतो. अशा थांबण्याने समोरच्याला प्रतिक्रिया द्यायला वेळच मिळत नाही, त्यामुळे ते थांबणे निम्म्या-निम्म्या प्रमाणात फरक करत नाही किंवा अगदी थोडा करते.

दोन्ही चालत्या, पण एक स्पष्टपणे आधी निघून अर्ध्याहून अधिक बाहेर आलेली असेल, तर तिच्याकडे तीस आणि नंतर निघालेल्याकडे सत्तर असे प्रमाण ठीक राहते. आधी निघालेल्याकडे तीस का, असे लोक रागाने विचारतात. कारण त्याने आधी पाहिले हे पुरेसे नसते. गाडी मागे नेत असेपर्यंत पाहत राहणे हीच त्याची जबाबदारी असते.

तिसरा प्रसंग फसवा असतो. एक गाडी जागेतून मागे येत आहे आणि दुसरी वाटेतूनच उलटी चालली आहे, कारण मागे एक रिकामी जागा सुटलेली तिला दिसली. वाटेतून सरळ जाणाऱ्या गाडीला जागेतून निघणाऱ्याने वाट द्यावी, हे सर्वमान्य आहे. पण वाटेत उलटे जाणाऱ्याला तो मान मिळत नाही, कारण जागेतून निघणारा माणूस बाणाच्या दिशेने येणारी वाहने शोधत असतो, विरुद्ध बाजूने पाठमोरी येणारी गाडी त्याच्या अपेक्षेत नसते. जमिनीवर बाण रंगवलेले असतील आणि गाडी त्यांच्या उलट आली असेल, तर मी साठ ते सत्तर टक्के तिच्यावर टाकतो. बाण नसतील तर निम्मे-निम्मे.

शेजारशेजारच्या जागांतून एकाच वेळी निघणाऱ्या गाड्यांत मागच्यापेक्षा पुढचा कोपरा घात करतो. मागे येताना चाके वळवली की गाडीचे नाक उलट बाजूला झेपावते आणि शेजारच्या गाडीच्या दाराला चाटून जाते. इथे ज्याने आपली गाडी शेजाऱ्याच्या रेषेतून पूर्ण बाहेर येण्याआधी चाके वळवली, त्याचा दोष मोठा. शेजारी सरळ मागे येत असेल तर त्याच्याकडे फारसे काही राहत नाही.

उतारावर उभी गाडी हातब्रेक सैल असल्यामुळे मागे घरंगळली, तर ती कोणी चालवत नव्हते हे कारण चालत नाही; गाडी सुरक्षित उभी करणे हे ती उभी करणाऱ्याचेच काम आहे.

आणि रखवालदार. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या" असे म्हणत तो गाडीच्या मागे उभा असतो, धडक होते आणि चालक त्याच्यावर तुटून पडतो. त्याचा इशारा ही मदत आहे, चालकाची जबाबदारी त्याने उचललेली नसते. त्याचे एकाच गाडीकडे लक्ष होते हेही बहुतेक वेळा खरे असते. त्याच्याकडून काय पाहिले ते शांतपणे विचारून लिहून घ्यावे, कारण पुष्कळदा तोच एकमेव तटस्थ साक्षीदार असतो, आणि त्याच्यावर ओरडले की तो "मला काही दिसलं नाही साहेब" म्हणून बाजूला होतो. किल्ली घेऊन स्वतः गाडी लावणारा वॅले मात्र वेगळा. हॉटेलातील वॅले पार्किंगमधून मोटार चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे म्हटले की, गाडी ताब्यात घेणाऱ्या हॉटेलला "मालकाच्या जबाबदारीवर" असे चिठ्ठीवर छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. वॅलेने गाडी आदळली, तर हेच तत्त्व पुढे करून व्यवस्थापनाकडे लेखी मागणी करावी.

प्रमाणावरून रक्कम काढणे

इथे एक चूक इतक्या वेळा होते की ती आकड्यांनीच दाखवावी लागेल. "दोघांचीही चूक आहे, ज्याची त्याने दुरुस्त करून घ्यावी" हे निम्मे-निम्मे नव्हे. पहिल्या गाडीचा खर्च ९,००० रुपये आणि दुसरीचा १५,००० रुपये आला असे धरू. एकूण २४,०००. दोष निम्मा-निम्मा असेल, तर प्रत्येकाने १२,००० सोसायचे, म्हणजे पहिल्याने दुसऱ्याला ३,००० द्यायचे. दोष तीस-सत्तर असेल, तर पहिल्याच्या वाट्याला ७,२०० आणि दुसऱ्याच्या वाट्याला १६,८०० येतात, म्हणजे आता दुसऱ्याने पहिल्याला १,८०० द्यायचे. खर्चाचा अंदाज दोघांनीही गॅरेजमधून लेखी घ्यावा, आणि जुने पोचे त्यात घुसवलेले नाहीत हे जागेवरच्या फोटोंशी पडताळून पाहावे.

विम्याकडे जावे की नाही

स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असलेली सर्वसमावेशक पॉलिसी असेल, तर आपली विमा कंपनी आपल्या गाडीचा खर्च दोष कोणाचा हे न पाहता देते. म्हणून लोकांना वाटते की दोष ठरवण्याची गरजच नाही. हिशेब करून पाहू. ९,००० च्या बिलात नवा बंपर ४,०००, रंगकाम ३,५०० आणि मजुरी १,५०० असेल, तर साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, रंगकामातील साहित्याचा भाग २५ टक्के धरून त्यावरही ५० टक्के कापले जातात, आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी १,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. हातात सुमारे ५,५६० रुपये येतात. दुसरीकडे, दावा न केल्याबद्दलची सूट, म्हणजे एनसीबी, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वर्षागणिक चढते आणि एका दाव्याने शून्यावर येते. सूट वगळता स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १०,००० असेल आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळणार असेल, तर पहिल्याच वर्षी ४,५०० आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी ३,००० जास्त भरावे लागतात. दोन वर्षांत ७,५०० गमावून ५,५६० मिळवण्यात अर्थ नाही. शून्य घसारा किंवा एनसीबी संरक्षण घेतलेले असेल, तर हे गणित बदलते, म्हणून पॉलिसी उघडून पाहावी.

फक्त तृतीय पक्ष विमा असेल, तर स्वतःच्या कंपनीकडून काहीच मिळत नाही आणि समोरच्याचा दोष सिद्ध करण्यावाचून मार्ग राहत नाही. खासगी मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा सामान्यतः साडेसात लाख रुपये असते, पण थोडी सूट घेऊन ती ६,००० वर आणलेली असू शकते. हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो, आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. थोड्या रकमेसाठी तिथपर्यंत जाणे सहसा परवडत नाही, त्यामुळे तडजोड नीट लिहून घेण्याला फार महत्त्व आहे.

विमा दावा करायचा विचार असेल, तर जागेवर "माझी चूक आहे, मी पैसे देतो" असे लिहून देऊ नये, कारण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दोष मान्य करू नये अशी अट पॉलिसीतच असते. दावा करायचा नसेल, तर बिनधास्त मान्य करावे आणि लिहून द्यावे. दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला कळवावे, तिने पाहणी केल्यानंतरच गाडी उघडावी. आपल्याच कंपनीने दावा नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत विनामूल्य तक्रार करता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे त्यांची कार्यालये आहेत. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध मात्र हा मार्ग नाही.

पोलिसांकडे जाण्याबाबत गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास चालकाने घटनेची माहिती लवकरात लवकर, आणि जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या ठाण्यात द्यायची असते, तसेच विमा कंपनीलाही लेखी कळवायचे असते. पण केवळ निष्काळजीपणाने बंपर फुटला म्हणून समोरच्यावर नुकसान केल्याचा गुन्हा दाखल होत नाही, कारण भारतीय न्याय संहितेतील त्या गुन्ह्याला हेतू किंवा परिणामाची जाणीव लागते. कोणी जखमी नसेल तर ठाण्यात बहुधा अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, होते. तिची प्रत घ्यावी. समोरच्याने नंतर गोष्ट बदलली तर ती उपयोगी पडते.

तडजोडीचा कागद एका पानाचा पुरतो. त्यात तारीख, वेळ, खांबाचा क्रमांक, दोन्ही गाड्यांचे व परवान्यांचे क्रमांक, प्रत्येक गाडी आपल्या रेषेपासून किती बाहेर होती ते मोजमाप, मान्य झालेले प्रमाण, रक्कम आणि ती कोणत्या तारखेला कशी दिली हे असावे. दोघांच्या आणि एका साक्षीदाराच्या सह्या घ्याव्यात. "पूर्ण व अंतिम" हे शब्द मात्र दुरुस्ती होऊन बिल हातात आल्यावरच लिहावेत, कारण बंपर काढल्यावर आतला लोखंडी आडवा दांडा वाकलेला निघाल्याचे मी एकदा नाही, अनेकदा पाहिले आहे, आणि तो बाहेरून कधीच दिसत नाही.